आत आहे म्हणजे गुन्हेगारच?

परवा आईच्या फुगडीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. ‘तुरुंगातले सगळे गुन्हेगार. आपल्या कराच्या पैशांवर बसून फुकट मटण खातात. कसल्या सुधारणा? लाड बंद करा, चौकात फटके द्या, गुन्हे आपोआप थांबतील. पटलं तर पुढे पाठवा.’ आईने विचारलं, ‘‘हें खरें मरे?’’ तोवर तिने तो दोन मावश्यांना पाठवलाही होता.

नाही, खरं नाही. आणि पहिलंच वाक्य सगळ्यांत घातक आहे.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाचा तुरुंगांवरचा २०२२ चा अहवाल सरकारीच आहे. त्या वर्षाअखेर देशभरच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे शंभरातले पंचाहत्तरहून जास्त. त्यांच्यावरचा आरोप अजून सिद्धच झालेला नाही. मग कसले सगळे गुन्हेगार?

त्याच ग्रुपवर आमच्या वाड्यावरची एक काकी आहे. तिच्या मुलावर मोबाइल चोरल्याचा आरोप होता. कोर्टाने जामीन दिला, पण वीस हजारांचा हमीदार काही मिळेना. नऊ महिने तो गोव्यातल्या कोलवाळच्या तुरुंगात, आत. काकी म्हापशाच्या बाजारात भाजी विकते, आणि शुक्रवारी तिथे आठवड्याचा मोठा बाजार, त्यामुळे त्या दिवशी भेटीला जाणं शक्यच नव्हतं. इतर दिवशी ती धुतलेले कपडे पिशवीत घालून बस पकडायची. शेवटी मुलगा निर्दोष सुटला. त्या नऊ महिन्यांचं काय? साध्या चोरीला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच अडकलेल्या कच्च्या कैद्याने एक तृतीयांश काळ आत काढला की त्याला सोडायला हवं. म्हणजे चोरीच्या आरोपात एक वर्ष. तिथवरही थांबायची पाळी का यावी? कारण एकच, गरिबाला हमीदार मिळत नाही. हा मेसेज काकीनेही वाचला असणार.

आणि गोव्यात तरी असं बोलू नये. आग्वादच्या किल्ल्यातल्या कोठड्यांत पोर्तुगीजांनी ज्यांना डांबलं, ते पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या कायद्याने गुन्हेगारच होते. आज तिथे आपण मुलांना स्वातंत्र्यलढ्याचं संग्रहालय दाखवायला नेतो.

बसून खाण्याचं म्हणाल तर सक्तमजुरी झालेल्याला काम करावंच लागतं. त्याला वाजवी मजुरी द्या आणि तिच्यातला काही भाग गुन्ह्याचा फटका बसलेल्यांसाठी बाजूला काढा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलंय.

फटक्यांची गोष्ट. शिक्षा किती भयंकर आहे यापेक्षा ती चुकणार नाही ही खात्री माणसाला आवरते, हे इटलीच्या बेकारिया या विचारवंताने १७६४ मध्ये लिहून ठेवलंय. म्हापशाच्या नाक्यावर पोलीस दिसला की हेल्मेट डोक्यावर चढतं, पुढच्या वळणावर परत हाताला लटकतं. दंड दोन्हीकडे तेवढाच असतो. तपास नीट होऊ दे, खटले वेळेत संपू देत. तेवढं केलं तरी खूप.

आणि सुधारणा म्हणजे लाड? औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. शिक्षा झालेली माणसं तिथे भिंतींशिवाय, बायकामुलांसह राहून शेती करू लागली. ती वसाहत पुढे महाराष्ट्र सरकारनेही चालवली.

एक मान्य करतो, नाइलाजाने. कोलवाळच्या तुरुंगात मोबाइल सापडल्याच्या, अमली पदार्थ सापडल्याच्या बातम्या येतात, त्या खोट्या नाहीत. पैसेवाल्याला आत सवलती मिळतात हा लोकांचा राग मला कळतो. पण ती वस्तू गेटवरच्या कुणीतरी डोळेझाक केल्याशिवाय आत जाते कशी? त्याची चौकशी मागा, पत्रावर पहिली सही माझी. त्यासाठी काकीच्या मुलाला चौकात उभं करू नका.

आईने दोन्ही मावश्यांना फोन केलाय. एकीने मेसेज काढला. दुसरी म्हणते, पुढे आठ जणींना गेला.