चहा जुना नाही, पाहुणचार जुना आहे

‘ऑटोमन सुलतानांच्या काळापासून तुर्की माणूस दिवसभर चहाच पीत आला आहे’ हे तुर्कस्तानातील चहावरच्या लेखातील विधान खटकले. सुलतानांच्या काळात तेथे मान होता तो कॉफीला; पहिल्या महायुद्धानंतर कॉफी पुरवणारा येमेन हातचा गेला, कॉफी महाग झाली, आणि १९२४ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाची लागवड वाढावी म्हणून कायदा झाला, तरी तेथील पहिला कारखाना सुरू व्हायला १९४७ साल उजाडले. म्हणजे घरोघरचा हा चहा आपल्या आजोबांच्या पिढीतला. जुना आहे तो पाहुणचार, आणि त्याने कॉफीच्या जागी चहाला सहज सामावून घेतले.

काळ्या समुद्राकाठच्याच ट्रॅबझोन शहरात पावसात अडकलो असताना एका चांभाराने मला दुकानात बसवून घेतले. दुमजली किटलीतल्या वरच्या भांड्यातला दाट कोरा चहा कमरेशी निमुळत्या पेल्यात थोडासा ओतायचा आणि खालच्या भांड्यातले उकळते पाणी घालून रंग जुळवायचा, हे त्याचे काम मी पाहत राहिलो. उत्तम उतरलेल्या रंगाला तेथे ‘सशाचे रक्त’ म्हणतात. पेला रिकामा झाला की तो पुन्हा भरे. (दुधाची आठवण मला पहिल्या दोन पेल्यांपुरतीच आली.) चौथ्या पेल्यानंतर शेजारच्या गिऱ्हाइकाने माझा चमचा उचलून पेल्यावर आडवा ठेवला, तेव्हा कुठे भरणे थांबले. ही खूण लेखात यायला हवी होती.