विहिरीचं लाल पाणी आणि ‘दोन किलो टीसीएल’चा मेसेज

पहिल्या पावसानंतर विहिरी गढूळल्या की एक मेसेज घरोघर फिरायला लागतो. यंदा तो माझ्या मामीपर्यंत पोचला आणि तिने टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर मागवलीसुद्धा, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेज सांगतो: कोकणातलं लाल पाणी म्हणजे लोह, त्याने रक्त वाढतं. रंग घालवायचाच असेल तर दोन किलो टीसीएल आणि किलोभर तुरटी बादलीत एकत्र कालवून विहिरीत ओता. सकाळी पाणी निवळलं की बिनधास्त प्या. तेलकट तवंग दिसला तर मात्र विहीर बाद समजा.

आधी ते बादलीतलं कालवण, कारण ते जिवावर बेतू शकतं. तुरटीचं पाणी आम्लधर्मी असतं. ते टीसीएलमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बादलीवर वाकून ढवळणाऱ्याच्या नाकातोंडात जातो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे कठड्याच्या आत साठून राहतो. या दोन वस्तू एका भांड्यात कधीही एकत्र करू नका.

आता दोन किलोचा हिशोब. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याचा वर्ग करा, त्याला पाण्याच्या खोलीने आणि मग ७८५ ने गुणा. येईल ते लिटर. तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी असेल तर साधारण २८,००० लिटर. चांगल्या प्रतीची, ३३ टक्के क्लोरीनची पावडर हजार लिटरला अडीच ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला ७० ग्रॅम. मेसेजमधला डोस जवळजवळ २८ पट आहे! ७० ग्रॅम पावडरची प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्याने पेस्ट करा, बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं थांबा. चुना तळाशी बसला की फक्त वरची निवळी दुसऱ्या बादलीत काढा. ती बादली दोरीने पाण्याखाली सोडून वरखाली हलवा. चुन्याचा गाळ विहिरीत टाकू नका. तासाभराने ओटी टेस्ट करा, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलाय का ते रंगावरून कळतं. पिवळा रंग आला नाही तर डोस कमी पडला. गढूळ पाण्यात तो पडतोच, कारण माती आणि पालापाचोळाच क्लोरीन खाऊन टाकतात. म्हणून गाळ खाली बसू द्या, मग टीसीएल घाला.

एवढं करून रंग जाईलच असंही नाही. पाण्यात लोह विरघळलेलं असेल तर क्लोरीनने ते गंजाच्या रूपात बाहेर येतं आणि पाणी आणखी लाल दिसतं. मग घाबरून लोक आणखी पावडर ओततात. उकळल्यानेही तसंच होतं. उकळून जंतू मरतात, लोह जात नाही.

तुरटीचं मान्य करतो: गढूळ पाण्याच्या २० लिटरच्या बादलीत ग्रॅमभर तुरटी फिरवली तर माती खाली बसते. विहिरीत मात्र तो गाळ तळाशीच राहतो आणि पंप सुरू झाला की पुन्हा वर येतो. शिवाय जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा आधीच मऊ आणि किंचित आम्ल असतं. तुरटीने पीएच आणखी उतरतो, म्हणजे आम्लपणा वाढतो, आणि पाणी जीआयचे (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून खायला लागतं.

खरं काम आहे रंगाचं कारण शोधण्याचं. दोन काचेच्या बाटल्या घ्या: एक थेट विहिरीतून पोहऱ्याने काढलेल्या पाण्याची, दुसरी घरातल्या नळाची, सकाळी पहिल्यांदा सोडलेली. विहिरीचं पाणी स्वच्छ आणि नळाचं लाल असेल तर दोष पाइपात किंवा टाकीत आहे. दोन्ही आधी स्वच्छ आणि उघड्यावर काही तास ठेवल्यावर तांबूस झाली तर विरघळलेलं लोह. काढतानाच गढूळ आणि तळाशी माती बसत असेल तर पावसाचं पाणी वरून शिरतंय. कठडा, भोवतीचा ओटा आणि वरच्या चिऱ्यांचे सांधे सिमेंटने बंद करा. पारदर्शक पण कोऱ्या चहासारखा रंग असेल तर आत पालापाचोळा कुजतोय.

लोहाला औषध नको, हवा हवी. पंपाचं पाणी भोकं पाडलेल्या पाइपातून टाकीत पाडा, काही तास थांबू द्या, मग धुतलेल्या नदीच्या वाळूच्या दोन फूट थरातून गाळा. पीएच कमी असेल तर लोह पाण्यातून हळू वेगळं होतं, अशा वेळी पाणी वाळूत जाण्याआधी चुनखडीच्या खडीतून जाऊ द्या. धार मंदावली की वरची इंचभर वाळू काढून धुवा.

तवंगावर काठी फिरवा. काचेच्या तुकड्यांसारखा फुटला तर ते लोहावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम, विहीर बाद नाही. फुटून पुन्हा जुळला तर तेल आहे, मग पिणं थांबवा.

‘लोहाने रक्त वाढतं’ हे अर्धसत्य. पाण्यात सहसा असतं तेवढं लोह विष नाही. पण रक्तक्षयावर उपाय गोळ्यांचा, डॉक्टरांनी ठरवलेला.

आणि “निवळलं की प्या”? आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई-कोलाय (विष्ठेतून येणारा जिवाणू) चालत नाही आणि तो डोळ्यांना दिसत नाही. जांभा भोकाभोकांचा असल्यामुळे १५ मीटर अंतरावरच्या शोषखड्ड्याचं पाणीही विहिरीत येऊ शकतं. जंतूंच्या तपासणीसाठी प्रयोगशाळेचीच निर्जंतुक बाटली घ्या, थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. लोहाचा नमुना वेगळ्या, आम्ल घातलेल्या बाटलीत द्या, नाहीतर लोह तळाशी बसतं आणि आकडा खोटा कमी येतो.