एक कडी पाहिजे

हार्डवेअरच्या दुकानात जाऊन एकच वस्तू मागणं हा आमच्या सांगलीत अजून गुन्हा धरलेला नाही, पण नजर तशीच मिळते. ‘ड्रॉवरची एक कडी पाहिजे’ म्हटलं की शेठ आपल्याकडं असं बघतो, जणू आपण एका पायाचा मोजा मागितलाय.

आमच्या घरात आजोबांच्या वेळचं सागवानी कपाट आहे. खाली ड्रॉवर, वर कप्पे. आयर्विन पूल 1929 चा, आणि कपाट त्याच्या आगेमागेचं, असं घरात ऐकत आलोय. दोघांनीही 2005 आणि 2019 चे महापूर अंगावर घेतले. 2019 ला खालचे ड्रॉवर पाण्यात होते. सागवान फुगलं, वाळलं, परत जागेवर आलं. ड्रॉवरच्या कड्यांच्या पितळेला ढिम्म झालं नाही. आतून लावलेल्या लोखंडी नटांचा मात्र भुगा झाला. त्यातली एक कडी सुटली आणि कृष्णामाईबरोबर बहुधा नरसोबाच्या वाडीला दर्शनाला गेली. परतली नाही.

तेव्हापासून तो ड्रॉवर आम्ही उलथन्यानं उघडतो.

आता ही कडी म्हणजे काय, तर मागं एक नक्षीची पट्टी, पट्टीला दोन भोकं, आणि पुढं लोंबणारी अर्धगोल मूठ. भोकांमधलं अंतर साडेतीन इंच. मिस्त्रींच्या भाषेत तीन इंच चार सूत. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला, पण आमच्या मिस्त्रींना अजून त्याची नोटीस मिळालेली दिसत नाही. दुकानातल्या कड्यांना मात्र मिळालीय. तिथं 64, 96, 128 असा मिलीमीटरमध्ये बत्तीसचा पाढा चालतो. आमची कडी 89. पाढ्यात बसत नाही.

‘ही घ्या 96 ची,’ गणपती पेठेतले एक शेठ म्हणाले. ‘सात एमएमनं काय होतंय ओ? नवीन भोक पाडा की.’

शंभर वर्षांच्या सागवानाला भोक पाडायचा सल्ला माणूस इतक्या सहज कसा देतो, मला कळत नाही. मग त्यांनी ठेवणीतला खोका काढला. त्यावर ‘अँटिक’ असं छापलेलं. आत काळपट पिवळ्या कड्या, प्लास्टिकच्या पिशवीत, कालच जन्मलेल्या.

‘प्युअर पितळ, साहेब.’

मी खिशातला लोहचुंबक काढला. (या भानगडीत पडल्यापासून तो किल्ल्यांसोबतच असतो.) कडी टक् करून चिकटली आणि लोंबत राहिली. शेठनी क्षणभर तिच्याकडं बघितलं.

‘वरनं पितळच आहे की.’

जुन्या लाकूडसामानाचा व्यापार करणाऱ्या एका गृहस्थांकडं गेलो, तर त्यांनी कडीचा विषयच येऊ दिला नाही. कपाट किती फुटी, पाय कोरीव आहेत का, जिना किती रुंद, सगळं विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, ‘कपाट द्या. एक कडी नाही, तेवढा भाव पडंल.’ शेजारचे काका याच्याही पुढचे. त्यांच्या मते घरातलं सगळंच काढून मॉड्युलर करून टाकावं. जगात कडी बदलायला कुणी तयार नाही. कपाट बदलायला सगळे एका पायावर तयार.

शेवटी ओतारी सापडले. उरलेल्यातली एक कडी उतरवून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती तळहातावर दोनदा उडवली, वजन घेतलं, उलटी केली आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याकडं आदरानं बघितलं. वाळूत दाबायची, ठसा घ्यायचा, रस ओतायचा, एवढंच काम. फक्त, ते म्हणाले, पितळ निवताना आकसतं, शेकड्याला दीडच्या आसपास. म्हणजे नक्कल अस्सलापेक्षा अर्ध्या सुताला जरा कमी भरणार.

‘आणि एकीसाठी भट्टी कोण पेटवतंय? चार पाडतो.’

पाडा म्हटलं.

आट्यांचा बोल्ट ओतून मिळत नाही, म्हणून कुपवाडच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडं गेलो. नवीन नट आमच्या जुन्या बोल्टवर अर्धा आटा फिरून अडत होता. लेथवाल्यानं भिंग लावून बघितलं आणि म्हणाला, ‘व्हिटवर्थ आहे.’ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं 1841 मध्ये आट्यांचा कोन 55 अंश ठरवला. मेट्रिकवाल्यांचा 60. पाच अंशांसाठी मी अर्धा दिवस स्टुलावर बसून चहा पीत होतो. पण लेथवाल्याकडं आटे पाडायची इंचातली जुनी डाय निघाली, आणि बोल्ट झाले.

मिस्त्रींनी पट्टीच्या भोकात गोल कानस दोनदा फिरवली, कडी बसवली. ड्रॉवर उघडला. उलथनं स्वयंपाकघरात परत गेलं.

आता नवा घोळ. नवी कडी सोन्यासारखी चकाकतेय आणि बाकीच्या काळवंडलेल्या. बायको म्हणते, सगळ्यांना पीतांबरी लावून एकसारख्या करू. मी म्हटलं, जुन्या वस्तूचा तो रंगच खरा, नवीलाच काळी करू. मिस्त्रींनी उपाय सांगितला: डब्यात अमोनियाची वाटी ठेवायची, वर कडी टांगायची, झाकण लावायचं. वाफेनं पितळ काळं पडतं. डबा गच्चीत ठेवला. रंग अगदी हवा तसा आला.

आईनं डबा उघडून बघितला. ‘पितळ मुद्दाम घाण करायचं? पैसे देऊन?’ जन्मभर देवाची भांडी घासलेली बाई ती. माझी बाजू समजावून सांगितली, तिनं ऐकूनही घेतली.

सध्या असं चाललंय, की मी रात्री कडी काळी करतो आणि ती सकाळी पूजेच्या भांड्यांबरोबर चिंचेनं घासून ठेवते.