चुकीची वही

परवा फोंड्याच्या मासळी बाजारात बांगडे निवडत होतो, तर शेजारच्या माणसाने विचारलं, "मग, बरोबर वही मिळाली का?" मी त्याला ओळखत नाही. पण तो काकांना ओळखतो, आणि काकांना कोण ओळखत नाही! देवळाच्या जत्रेतल्या नाटकांना ३५ वर्षं विंगेत नाटकाची वही धरून प्रॉम्प्टिंग केलेला माणूस. त्यांनी आता गावभर सांगितलंय की पुतण्याचं कॉम्प्युटरचं दुखणं त्यांनी बरं केलं. राग याचा येतो की ते खोटं नाही.

प्रकरण एवढंसं. एका कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) पंपाचा कंट्रोलर माझ्याकडे आला होता. विहिरीचं पाणी तळाला गेलं की फ्लोट स्विच इशारा देतो आणि पंप बंद व्हायला हवा. हा कोरडाच फिरत राहायचा. बोर्डावर एसटीएम३२एफ१०३ ही चिप, म्हणजे कॉर्टेक्स-एम३ जातीचा प्रोसेसर. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी (नाव घेत नाही, पुढचं काम त्यांच्याचकडून यायचंय) सोर्स आणि ईएलएफ फाईल (तयार प्रोग्राम, सोबत ओळींचे क्रमांक आणि नावं) पाठवली. मी पडवीत टेबल मांडलं.

कोड कंपाइल होतो, म्हणजे चिपच्या भाषेत उतरतो, लॅपटॉपवर आणि धावतो बोर्डावर. दोघांच्या भाषा वेगळ्या, त्यामुळे घरचा साधा जीडीबी (प्रोग्राम थांबवून आत डोकावणारा डीबगर) इथे चालत नाही, परक्या चिपांच्या भाषा जाणणारा जीडीबी-मल्टिआर्क लागतो. तो ३३३३ पोर्टवर ओपनओसीडी या दुभाष्या प्रोग्रामशी बोलतो, ओपनओसीडी एसटी-लिंक या यूएसबीच्या डबीशी, एसटी-लिंक चिपशी. सोयरीक जुळवताना चार मध्यस्थ असावेत तसं: एक रुसला की नक्की कोण रुसलाय हेच कळत नाही. चिपपर्यंत तारा तीनच: एसडब्ल्यूडीआयओ, एसडब्ल्यूसीएलके आणि ग्राउंड. ग्राउंड विसरणारे पुष्कळ पाहिलेत. एक रोज आरशात दिसतो. त्यात आपला पावसाळा. जुलैत जंपर तारांच्या टोकांना असा गंज चढतो की नव्या तारा वापरलेल्या बऱ्या. त्या १५ सेंटीमीटरच्या आत ठेवा, जोडणी तुटत असेल तर वेग १०० किलोहर्ट्झवर आणा, आणि पंपाचा कॉन्टॅक्टर (पंप चालू-बंद करणारा विजेचा खटका) लांब ठेवा. तो खटकन लागला की डीबगरला घेरी येते.

मी 'लोड' मुद्दाम केलं नाही. लोड केलं की चिपमधला प्रोग्राम पुसून नवा बसतो, आणि ज्याला पकडायचं तोच पसार होतो. चालू बोर्डाला नुसता जाऊन चिकटलो, तेवढ्यात काकांनी खुर्ची ओढली.

"कितें रे हें?"

"काका, हा प्रोग्राम. हा बाण म्हणजे चिप आत्ता कुठल्या ओळीवर आहे ते."

"म्हणजे ही वही!" काका एरवी कोकणीत बोलतात, पण रंगभूमीचा विषय निघाला की मराठीत शिरतात, तीही तालमीतल्या. "चिप हा नट. आणि तू विंगेतला प्रॉम्प्टर!"

उपमा मला मुळीच आवडली नाही. बरोबर होती ना.

"थांबव बघू नटाला."

थांबवला. दोन सेकंदही गेले नाहीत, बोर्ड रीसेट.

"हे काय, पुन्हा नांदी?"

आता हे काकांना काय सांगणार! वॉचडॉग म्हणजे प्रोग्राम अडकला की चिप रीसेट करणारा राखणदार. चिपच्या आतल्या वॉचडॉगला डीबगर थांबवू शकतो; त्यासाठी एक बिट असतं आणि ओपनओसीडीची एसटीएम३२एफ१ची फाईल ते आपणहून लावते. पण या बोर्डावर बाहेरून वेगळी वॉचडॉग चिप बसवलेली. अशा चिपची मुदत साधारण १.६ सेकंद. तेवढ्यात कोणी टपली मारली नाही की ती थेट रीसेटची पिन ओढते. डीबगर-बिबगर तिच्या खिजगणतीत नाही. तिचा जंपर काढला.

"आता ओळीओळीने ने."

३१२, ३१९, परत ३१२, मग ३०८.

"नट ओळी खातोय."

"खात नाहीये, काका. कंपायलरने ओ-२ लावून कामांचा क्रम फिरवलाय. वेग वाढतो, पण बाण असा उड्या मारतो."

"आणि हे काय लिहिलंय?"

"ऑप्टिमाइझ्ड आऊट. या व्हेरिएबलची किंमत या जागी कुठेच शिल्लक नाही, मेमरीत नाही, रजिस्टरातही नाही."

"पात्रच कापलं!" काका हळहळले. "कापलेल्या नटाला निदान आदल्या दिवशी कळवतात रे."

डीबगिंग सुसह्य व्हावं म्हणून जीसीसी या कंपायलरात २०१३ सालच्या ४.८ पासून ओजी हा पर्याय आहे. पण तो लावून कोड पुन्हा बांधला की चूक बऱ्याचदा अदृश्य होते; ती ओ-२ मध्येच राहते, भाडेकरूसारखी. म्हणून मी तासभर ओ-२ला शिव्या घालत ब्रेकपॉइंट (चिपने जिथे थांबायचं त्या ओळींवरच्या खुणा) लावत होतो. फ्लॅश मेमरीतल्या कोडसाठी या चिपला हार्डवेअर ब्रेकपॉइंट सहाच. सातवा मागितला की जीडीबी भांडायला उठतो. काकांच्या मते सहा खुणांत अख्खं संगीत नाटक उभं राहतं. माझ्या सहांपैकी एकही लागत नव्हती.

तेवढ्यात काकांनी चष्मा लावला आणि बाणाशेजारची अक्षरं एकेक करून वाचली. "एल. सी. डी. म्हणजे टीव्हीचा पडदा ना?"

"हो."

"मग या डबीला पडदा कुठाय?"

मी बोर्डाकडे पाहिलं. दोन दिवे: एक हिरवा, एक तांबडा. पडदा नव्हता.

"तुला वही दुसऱ्याच प्रतीची दिलीय," काका सावकाश म्हणाले. घाई कशाला, पंप माझ्या गळ्यात होता. "आमच्याकडे एकदा झालेलं. नटाने जुन्या प्रतीवरून पाठ केलेलं, माझ्या हातात नवी. तो मुलीचं लग्न ठरवतोय आणि मी आतून सांगतोय, खंजीर काढ."

"मग?"

"काढला ना! वन्स मोअर मिळाला."

मी 'कंपेअर-सेक्शन्स' दिलं. ही आज्ञा ईएलएफमधला मजकूर आणि चिपमधला मजकूर ताडून पाहते. उत्तर आलं: 'मिस-मॅच्ड!' उद्गारचिन्हासकट. ते जीडीबीचंच आहे, मी घातलेलं नाही. ही आज्ञा पहिल्या मिनिटाला द्यायची असते. मी सत्तराव्या मिनिटाला दिली, तीही एका प्रॉम्प्टरच्या सांगण्यावरून.

फोन केला. पाठवलेली ईएलएफ नव्या आवृत्तीची, डिस्प्लेवाली, बोर्डात जुनी. मग जुनी ईएलएफ द्या. "ती मोठी असते हो, डिलीट केली. बिन आहे." बिन! बिन म्हणजे नुसते बाइट. ओळींचे क्रमांक, नावं, पत्ते, सगळं ईएलएफमध्ये राहतं. फाईल जपायला लागते तरी किती जागा? लग्नाचे फोटो चार ठिकाणी ठेवतात ही माणसं. मग जुना कमिट (सोर्सची नोंदवून ठेवलेली प्रत) काढला, कंपायलरची तीच आवृत्ती शोधली, तेच पर्याय लावले, बांधलं आणि बिनशी ताडलं. मोजके बाइट वेगळे आले. कोणीतरी आवृत्तीच्या ओळीत आजची तारीख आणि वेळ टाकणारे मॅक्रो वापरलेले! कमिटचा हॅश (त्याचा ओळखक्रमांक) टाकला असता तर चिपला विचारून दोन मिनिटांत कळलं असतं ती कुठली आहे ते. तारीख टाकतात. वाढदिवस आहे का?

बरोबर वही हातात आल्यावर चूक दहा मिनिटांत सापडली. फ्लोटचा फ्लॅग (इशारा आल्याची नोंद ठेवणारं व्हेरिएबल) प्रिंट केला तर १, आणि लूप आपलं फिरतंय. डिसअसेंब्लीत (चिपला मिळालेल्या प्रत्यक्ष आज्ञांत) दिसलं की फ्लॅग लूपच्या आधी एकदाच वाचलाय. आत फक्त वॉचडॉगला टपली आणि परत वर उडी. इंटरप्ट (फ्लोटचा इशारा आला की मधेच धावणारा कोड) बिचारा मेमरीत १ लिहून दमला, पण इकडे कोणी बघायलाच तयार नाही. व्हेरिएबलच्या आधी 'व्होलाटाइल' घातलं, म्हणजे दर वेळी मेमरीतूनच वाच असा कंपायलरला हुकूम, आणि पंप बंद झाला.

बिल पाठवलं तर उत्तर आलं, "एका शब्दाचे एवढे?"

काकांनी मात्र माझी किंमत ओळखली. यंदाच्या जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टर म्हणून त्यांनी न विचारता माझं नाव दिलंय. तालमी सुरू होऊन आठवडा झाला. वही अजून माझ्या हाती आलेली नाही.