माझ्या वर्षाची गाणी राखाडी करणारे तुम्ही कोण?

काल रात्री वही उघडली. दर डिसेंबरात उघडते. वर्षभरात आवडलेल्या इंडी गाण्यांची यादी मी हाताने लिहिते, २०१५ पासून, एकही वर्ष चुकलेलं नाही. सिनेमातली नसलेली, मोठ्या कंपनीचा हात पाठीवर नसलेली, कुणीतरी घरातल्या घरात रेकॉर्ड केलेली गाणी. वीस गाणी, क्रम लावून, प्रत्येकापुढे एक ओळ: कुठे ऐकलं, का आवडलं. मग यादी पाच मैत्रिणींना जाते, त्या भांडतात, मी भांडते, आणि तेव्हा कुठे आमचं वर्ष संपतं.

या वेळी क्रम लावायला अ‍ॅपमधली प्लेलिस्ट उघडली तर छत्तीसपैकी सात गाणी राखाडी! दाबा, पुन्हा दाबा, ढिम्म. ‘हे गाणं सध्या उपलब्ध नाही.’ का नाही? कधीपासून नाही? परत येणार आहे का? एक अक्षर नाही. आठवं तर यादीतूनच उडालं होतं. ते तिथे होतं हे मला आठवतंय, एवढाच पुरावा.

मी फुकटात ऐकत नाही हो. दर महिन्याला पैसे भरते. आणि ही सगळी गाणी डाउनलोड केलेली होती, कारण डोंबिवली ते परळ रोजचा प्रवास आहे आणि गर्दीच्या डब्यात नेटवर्कचा भरवसा नसतो. डाउनलोड केलं म्हणजे आपलं झालं असं मी इतकी वर्षं समजत होते. काही आपलं होत नाही. तिकडून गाणं काढलं की आपल्या फोनमधलंही मुकं होतं. मग त्या बटणावर ‘डाउनलोड’ लिहिता कशाला? ‘उसनं’ लिहा!

त्या सातांतलं एक गाणं माझं या वर्षीचं पहिल्या नंबरचं होतं. जुलैमध्ये रुळांवर पाणी आलं आणि गाडी दिवा स्टेशनच्या अलीकडे दीड तास उभी राहिली. लेडीज डब्यात श्वास घ्यायला जागा नाही, एका मुलीला चक्कर आलेली, सगळ्या मिळून तिला दारापाशी नेतोय. त्या दीड तासात मी ते गाणं चार वेळा ऐकलं. कल्याणचा एक मुलगा आहे, गिटार आणि आवाज, बास. मागे टेबलफॅनची घरघर ऐकू येते, कारण रेकॉर्डिंग करतानाही त्याला पंखा बंद करणं शक्य झालं नसणार. तीन मिनिटांचं मराठी गाणं. त्या घरघरीने मला त्या डब्यात सावरून धरलं. आणि आज ते राखाडी.

मी त्याला मेसेज केला. त्याने जे सांगितलं त्याने माझं डोकंच फिरलं. स्वतंत्र गायकाचं गाणं अ‍ॅपवर थेट चढत नाही, मधे वितरक लागतो, आणि बऱ्याच वितरकांची फी वर्षाची असते. ती भरली नाही की गाणी खाली उतरतात. त्याने भरली नाही. का भरेल? मिळालं काय? स्पॉटिफायने तर २०२४ पासून नियमच केला आहे: आधीच्या बारा महिन्यांत गाणं निदान हजार वेळा वाजलं नसेल तर त्याला रॉयल्टीच नाही. वाजलं म्हणजे निदान ३० सेकंद. नऊशे वेळा कुणीतरी मन लावून ऐकलं तरी हिशेबात शून्य. म्हणजे गायकाने स्वतःच्या गाण्याचं भाडं भरायचं, वर पदरात काही नाही, आणि भाडं थांबलं की गाणं रस्त्यावर.

मला वाटायचं, मी त्याचं गाणं सतत ऐकते म्हणजे माझे पैसे त्याच्यापर्यंत जात असतील. तसं होत नाही. बहुतेक अ‍ॅप्समध्ये सगळ्यांचे पैसे एकाच हंड्यात पडतात आणि देशभरात एकूण काय किती वाजलं त्या प्रमाणात वाटले जातात. मी महिनाभर फक्त कल्याणच्या मुलाला ऐकलं तरी माझ्या पैशाचा मोठा वाटा ज्याचं गाणं मी कधी लावलंच नाही त्याच्याकडे जाणार. हे कळल्यापासून दर महिन्याला पैसे कापल्याचा मेसेज आला की तळपायाची आग मस्तकात जाते.

बरं, म्हटलं थेट विकत घेऊ. एका परदेशी साइटवर त्याचं गाणं फाइल म्हणून विकायला होतं. पैसे जाईनात. तिथले पैसे पेपल या ऑनलाइन सेवेतून जातात, आणि पेपलने एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतात पैसे पाठवणं बंद केलंय, हे मला तेव्हा समजलं. डोंबिवलीची बाई, कल्याणचा मुलगा, मधे एक स्टेशन, आणि शंभर रुपये जाईनात! शेवटी यूपीआयने पाठवले. त्याने रात्री साडेअकराला फाइल पाठवली आणि खाली लिहिलं, ‘ताई, हे गाणं विकत घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच.’ मला रडू आलं, आणि राग दुप्पट झाला.

एवढं सगळं करून हेच अ‍ॅप मला डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात रंगीत कार्ड पाठवतं: ‘तुझं या वर्षीचं सर्वात लाडकं गाणं!’ कुठलं? प्लेलिस्ट संपल्यावर आपोआप सुरू होणारं, मी स्वयंपाक करत असताना ओट्यापाशी वाजत राहिलेलं एक गाणं. मी ते एकदाही स्वतः लावलेलं नाही. किती वेळा वाजलं हे मोजता येतं हो, पण लाडकं कसं मोजाल? जे गाणं आत लागतं ते मी दिवसातून दहादा लावत नाही. जपून ऐकते. आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी ऐकलेलं एक गाणं मी वर्षात फक्त तीनदा ऐकलं, तिन्ही वेळा दिवे मालवून. वहीत ते चौथं आहे. अ‍ॅपच्या कार्डावर ते कधीच येणार नाही. आणि यांची मोजणी डिसेंबर उजाडायच्या आधीच थांबते, म्हणजे डिसेंबरात आलेल्या गाण्याला वर्षच नाही.

माणसाने केलेल्या यादीत ताकद असते. बराक ओबामांनी २०१९ च्या आपल्या आवडीच्या गाण्यांत प्रतीक कुहाड या आपल्याकडच्या इंडी गायकाचं गाणं घातलं आणि ज्यांनी त्याचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनी ते शोधून ऐकलं. एका माणसाने ‘मला हे आवडलं’ म्हटलं, एवढंच.

मराठीचं तर बोलूच नका. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ क्लबांपासून रील्सपर्यंत सगळीकडे वाजलं, तरी माझ्या अ‍ॅपच्या मराठी विभागात वर सिनेमातली गाणी, खाली आरत्या. दोन्ही मला प्रिय आहेत. पण नवं मराठी गाणं शोधायला आलेल्या माणसाने किती खाली जायचं? मी अंगठा दुखेपर्यंत जाते. सगळे नाही जाणार.

काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं. त्याच वर्षी लोअर परळचं ब्लू फ्रॉगही गेलं. एका वर्षात या शहराने गाणं विकत घ्यायची एक जागा आणि समोर बसून ऐकायची एक जागा घालवली. ऱ्हिदम हाउसमधून घेतलेल्या माझ्या सीड्या आजही कपाटात आहेत आणि आजही वाजतात. दुकान गेलं तरी कुणी घरी येऊन त्या राखाडी करून गेलं नाही.

राखाडी झालेल्या उरलेल्या सहांपैकी तिघांना मेसेज केलेत. एकीने फाइल पाठवली. एका जोडीचं बिनसलं, त्यामुळे गाणं पुन्हा चढवायला दोघांपैकी कुणी तयार नाही. एकाचं उत्तर नाही. बाकी तिघांचा पत्ताच लागत नाही. आणि एकीचं नाव मला धड आठवत नाही, कारण नाव अ‍ॅपमध्ये आहे असं समजून मी वहीत लिहिलंच नव्हतं. तेच ते उडालेलं आठवं.

बाईचा आवाज आहे, जरा घोगरा. खाली तंबोऱ्यासारखा एक सूर धरलेला. दुसऱ्या कडव्यानंतर गाणं थांबतं आणि लोकलमधली घोषणा येते, ‘पुढील स्टेशन, दादर’. मग तीच ओळ पुन्हा, हळू आवाजात. मार्चच्या आसपास आलं होतं. तुमच्यापैकी कुणाच्या फोनमध्ये ते अजून वाजत असेल तर गायिकेचं नाव तेवढं सांगा. सहाव्या नंबरची ओळ मी कोरी ठेवली आहे.