गिलनच्या आधीचं आणि नंतरचं पर्पल : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इतक्या तळमळीनं लिहिलंत, त्याबद्दल आधी आभार. तुमचं म्हणणं असं की डीप पर्पल हा ब्रिटिश रॉक बँड म्हणजे 'इन रॉक' (1970) पासून 1973 मध्ये गायक इयन गिलन बाहेर पडेपर्यंतचे चार स्टुडिओ अल्बम आणि 'मेड इन जपान'. बाकी सगळी भरताड. ती मी एकेक करून, महिनामहिना ऐकत बसतो आणि वर त्यावर लिहितो, हा वेळेचा अपव्यय. मला हे अजिबात पटलेलं नाही.

'इन रॉक'मधल्या 'चाइल्ड इन टाइम' या गाण्याचा दाखला तुम्हीच दिलात, तर तिथूनच सुरू करू. त्यातली ऑर्गनची धून 'इट्स अ ब्युटिफुल डे' या सॅन फ्रान्सिस्कोच्या बँडच्या 'बॉम्बे कॉलिंग'वरून घेतलेली आहे, हे पर्पलवाल्यांनी कधी लपवलं नाही. मूळ धून व्हायोलिनवरची आणि चांगलीच द्रुत. पर्पलचा ऑर्गनवादक जॉन लॉर्डनं तिची लय इतकी उतरवली की तिचा स्वभावच पालटला. एवढा धीर त्याच्याकडे कुठून आला? 1969 च्या तिसऱ्या अल्बममधलं 'एप्रिल' ऐका. गायक रॉड एव्हन्स, म्हणजे तुमच्या हिशेबात न बसणारं पर्पल. बारा मिनिटांची रचना आणि तिच्या मधोमध लॉर्डनं लिहिलेला तंतुवाद्यांचा नि बासऱ्यांचा भाग. त्याच वर्षी सप्टेंबरात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याचा ऑर्केस्ट्राबरोबरचा 'कॉन्सर्टो' झाला. हे कानावरून गेलं की 'चाइल्ड इन टाइम' कशी चढत जाते हे वेगळंच ऐकू येतं. 'हायवे स्टार'च्या सोलोमागची बाखच्या वळणाची कॉर्ड्सची चालही मला त्यानंतरच खऱ्या अर्थानं कळली.

आणखी एक. लॉर्डनं हॅमंड हा विजेवरचा ऑर्गन गिटारच्या मार्शल अ‍ॅम्प्लिफायरमधून वाजवायला घेतला, म्हणून तो ब्लॅकमोरच्या गिटारसमोर गुरगुरतो. हा फरक कळायला आधीचा गोलसर आवाज कानात मुरलेला हवा. तुम्ही टाकाऊ ठरवलेल्या पहिल्या तीन अल्बममध्ये तोच तर आहे.

आता नंतरचं. 'बर्न' (1974) बद्दल वाद नको, शीर्षकगीतात इयन पेस ओळीओळीत ड्रम्स ज्या तऱ्हेनं भरतो तेवढं पुरेसं आहे. तुमच्या यादीतला 'हू डू वी थिंक वी आर' तरी मला त्यापुढे फिकाच वाटतो. तुमचा खरा राग 'कम टेस्ट द बँड' (1975) वर दिसतो, कारण त्यात ब्लॅकमोरसुद्धा नाही. त्याच्या जागी टॉमी बोलिन, जेमतेम चोवीस वर्षांचा, ड्रमर बिली कॉबमच्या 'स्पेक्ट्रम' या अल्बमवर जॅझ-रॉक वाजवून आलेला. त्यानं ब्लॅकमोरची नक्कल करायला हवी होती का? 'यू कीप ऑन मूव्हिंग' पाहा. ग्लेन ह्यूजच्या बास गिटारवर गाणं हळूच उघडतं, मग गिलनच्या जागी आलेला गायक कव्हरडेल आणि ह्यूज खालच्या पट्टीत जोडीनं गातात, आणि वर जाताना ह्यूजचा आवाज अलगद सुटा होतो. असं गाणं गिलनच्या पर्पलमध्ये झालं नसतं, आणि ते पर्पलचंच आहे, कारण खाली पेस आणि लॉर्ड आहेत. 1968 ते 1976 मधल्या दहाही स्टुडिओ अल्बमवर हे दोघे आहेत. बँड मार्च 1976 मध्ये मोडला, डिसेंबरात बोलिन गेला. पर्पलबरोबर त्याचा हा एकच स्टुडिओ अल्बम, आणि तो न ऐकताच बाजूला ठेवा म्हणणं मला फार लागलं.

महिनामहिना का, तर अ‍ॅप उघडलं की सगळ्यात जास्त ऐकलेली पाच-सहा गाणीच पुढे येतात. 'फायरबॉल'च्या सुरुवातीचा तो घोंघाट स्टुडिओतल्या एअर कंडिशनरचा आहे, आणि त्यातून पेस अचानक तुटून पडतो. अशी जागा घाईत हाती लागत नाही.

पुढचा लेख 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' (1984) वर आहे. त्यात तुमचा गिलनही परत येतो आणि ब्लॅकमोरही. तोवर 'यू कीप ऑन मूव्हिंग' एकदा हेडफोन लावून पूर्ण ऐका. नाही आवडलं तर नेमकं कुठे खटकलं ते इथेच लिहा, मी उत्तर देईन.