‘गोळी देऊन झोपवतात’ म्हणे!

पालकांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश: मुलाला मानसोपचारासाठी अॅडमिट करू नका, आईबापांना गेटबाहेर ठेवतात, गोळ्या देऊन पोराला झोपवतात, शॉक देतात, आणि बाकीचा स्टाफ नुसता बिल फुगवायला असतो.

गेटबाहेरचं आधी घेऊ, कारण ते धडधडीत खोटं आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम ८७ नुसार अल्पवयीन रुग्णासोबत पालकाने किंवा नेमलेल्या सोबत्याने दाखल असेपर्यंत पूर्ण वेळ राहायचं असतं. मुलीचा प्रतिनिधी (म्हणजे बहुधा पालकच) पुरुष असेल तर सोबतीला बाई हवी. मुलांची व्यवस्थाही मोठ्यांपासून वेगळी. खरी अडचण उलटीच आहे: तीन आठवडे रजा काढून राहणार कोण? त्यावर मेसेज निघत नाहीत.

एकटा डॉक्टर मनात आलं म्हणून दाखल करू शकत नाही. दोघांनी स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. दाखल रुग्णांच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला ७२ तासांत कळवायचं. मुक्काम ३० दिवसांवर गेला तर मंडळ स्वतः आढावा घेतं.

शॉकचं थोडक्यात. भूल न देता तो कोणालाच देता येत नाही. अल्पवयीनांना एरवी मनाई. तज्ज्ञाला गरज वाटली तरी पालकांची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी लागते.

आता गोळ्या. काही औषधांनी गुंगी येते, हे खरं. पण नैराश्यावरच्या औषधाचा गुण दिसायला आठवडे लागतात, आणि झोपलेल्या मुलाशी थेरपी कोण करणार? औषध लिहितो मानसोपचारतज्ज्ञ, पण तो वॉर्डात राउंडपुरता येतो. मूल रात्री तीनला जागं होतं का, जेवणानंतर लगेच बाथरूम गाठतं का, बाहीखाली नवी जखम आहे का, हे टिपते सिस्टर. तिच्या नोंदींवरून डोस बदलतो. ‘बिल फुगवणारी’ ती हीच.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट चाचण्या घेतो. ‘अभ्यासाचा कंटाळा’ म्हणून रोज बोलणी खाणाऱ्या मुलाला अक्षरंच नीट लागत नाहीत, हे कधी कधी तिथे उघड होतं. मग थेरपीची दिशाच बदलते. सोशल वर्कर घराशी आणि शाळेशी बोलतो: बाप पितो का, वर्गात कोण चिडवतं, परत गेल्यावर बाईंना काय सांगायचं. हे काम झालं नाही तर डिस्चार्जनंतर मूल त्याच खड्ड्यात परत जातं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला लोक ‘खेळ घेणारे’ म्हणतात. महिनोन्महिने अंथरुणात पडून राहिलेल्या मुलाला सकाळी उठून अंघोळ करायला लावणं हा खेळ असेल, तर असो.

मेसेजात एक धागा मात्र खरा आहे. नोंदणीशिवाय चालणारी ‘केंद्रं’ आहेत, आणि चार आठवड्यांच्या कोर्सवर ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारेही. म्हणून दाखल करण्याआधी केंद्राची राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडची नोंदणी पाहा, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी क्रमांक मागा. आणि फी विचारायच्या आधी विचारा, रात्री वॉर्डात कोण असतं? उत्तर देताना का-कू झाली, तर मुलाला घेऊन परत फिरा.